नाव गावाचं, सातबारा मालकाचा

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. त्यांतल्या २९ संघांच्या नावात काही ना काही भूगोल असतो. न्यूयॉर्क, शिकागो, बॉस्टन, नाहीतर टेक्सास-मिनेसोटासारखं सबंध राज्य. २०२५ पासून एकाच संघाच्या नावात गाव नाही. तो नुसता ‘ॲथलेटिक्स’. गुणतक्त्यात तेवढंच नाव. शर्टाच्या एका बाहीवर सॅक्रामेंटोचं चिन्ह, दुसऱ्या बाहीवर लास वेगासचं. सध्या जिथे मुक्काम आहे त्या गावाचं नाव लावायचं नाही, आणि ज्याचं लावायचं आहे तिथे अजून घर बांधून झालेलं नाही.

हा काही लिंबूटिंबू संघ नव्हे. मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक असलेली अमेरिकन लीग १९०१ साली सुरू झाली तेव्हाच्या मूळ आठ संघांपैकी हा एक. नऊ वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिका, त्याच्या नावावर आहेत. त्याहून जास्त फक्त न्यूयॉर्क यांकीज आणि सेंट लुई कार्डिनल्सकडे. त्यांतल्या पाच फिलाडेल्फियात जिंकलेल्या, चार ओकलंडमध्ये. मधल्या कॅन्सस सिटीत शून्य. सव्वाशे वर्षांत तीन गावं सोडून झाली, चौथ्यात बिऱ्हाड आहे आणि पाचव्यात बांधकाम चालू आहे.

क्रीडाप्रेमी हा इतिहास विजेतेपदांच्या क्रमानं सांगतात. मला तो हिशेबाच्या वहीच्या क्रमानं वाचावासा वाटतो. संघाला नाव गाव देतं, स्टेडियमला बहुतेक वेळा गावाचा पैसा लागतो, बाप-लेक-नातू एकाच संघासाठी घसा कोरडा करतात; आणि संघ राहणार की जाणार हे मात्र एकटा मालक ठरवतो. २०२४ मध्ये संघानं ओकलंड सोडलं, त्यावरचे बहुतेक लेख सध्याच्या मालकाला शिव्या घालून संपतात. शिव्यांना माझी हरकत नाही. पण हा मालक गेला तरी दुसरा येईल, कारण नियमच मालकांच्या सोयीचे आहेत आणि ते नियम मक्तेदारीविरोधी कायद्यातून मिळालेल्या एका सवलतीच्या जोरावर टिकून आहेत. ती सवलत काढून घ्यावी, आणि तोवर कुठल्याही शहरानं मालकीत वाटा मिळाल्याशिवाय दमडी देऊ नये, असं माझं मत आहे.

फिलाडेल्फियापासून सुरुवात करू. कॉनी मॅक हा उंच, सडपातळ गृहस्थ १९०१ ते १९५० अशी सलग पन्नास वर्षं या संघाचा व्यवस्थापक होता, आणि मालकीत भागीदारही. बेसबॉलचे व्यवस्थापक खेळाडूंसारखाच गणवेश घालून बाकावर बसतात. मॅक सुटाबुटात बसायचा आणि हातातल्या धावपत्रिकेनं क्षेत्ररक्षकांना इकडेतिकडे सरकवायचा. ३,७३१ विजय त्याच्या नावावर आहेत. हा आकडा कुणी मोडेल असं वाटत नाही. प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जायंट्सचा व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यानं १९०२ मध्ये या संघाला पांढरा हत्ती म्हणून हिणवलं, तर मॅकनं हत्तीच संघाचं चिन्ह करून टाकला. आजही संघाच्या चिन्हांत हत्ती आहे.

मॅकचा संघ १९१०, १९११ आणि १९१३ मध्ये विजेता ठरला. १९१४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टनकडून सपाटून हरल्यावर त्यानं संघ मोडून विकायला काढला. एडी कॉलिन्स हा त्या काळातला अव्वल खेळाडू ५० हजार डॉलरला शिकागोला गेला. दोन वर्षांत संघाची अशी अवस्था झाली की १९१६ मध्ये ३६ विजय आणि ११७ पराभव. मग पुन्हा संघ उभा राहिला. जिमी फॉक्स, लेफ्टी ग्रोव्ह, मिकी कॉक्रन, अल सिमन्स. १९२९ च्या वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात शिकागो कब्ज ८-० नं पुढे असताना या संघानं सातव्या इनिंगमध्ये एकदम दहा धावा काढल्या. १९२९ आणि १९३० ची विजेतेपदं घेतली, आणि महामंदी आल्यावर मॅकनं हेही खेळाडू एकेक करून विकले.

त्या मंदीतला एक किस्सा मला नऊ विजेतेपदांहून बोलका वाटतो. शाइब पार्क हे त्यांचं मैदान भर वस्तीत होतं. उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे ट्वेंटिएथ स्ट्रीटवर चाळीसारखी एकाला एक लागून घरं होती. लोक गच्चीवर लाकडी बाकं मांडायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दोन पैसे घेऊन बसवायचे, वर खाणंपिणंही विकायचे. संघ भरात होता तोवर मालकांनी काणाडोळा केला. तिकीटखिडकी ओस पडली तेव्हा १९३५ मध्ये त्या भिंतीवर पत्र्याचं उंच कुंपण चढवलं. गच्च्यांवरून दिसायचं बंद झालं. लोकांनी त्या कुंपणाला ‘आकसाचं कुंपण’ असं नाव दिलं. बरं, त्यामुळे तिकिटं खपली का? नाही. संघ हरतच राहिला, आणि ज्या गल्लीनं त्याला आपलं मानलं होतं तिथे कडवटपणा तेवढा उरला.

मॅकच्या मुलांच्या हाती कारभार गेला तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. १९५४ मध्ये संघ अर्नोल्ड जॉन्सन या शिकागोच्या उद्योगपतीला विकला गेला आणि त्यानं तो कॅन्सस सिटीला नेला. चोपन्न हंगाम फिलाडेल्फियाचं नाव लावलेल्या संघाला थांबवण्याचा कुठलाही अधिकार शहराकडे नव्हता.

कॅन्सस सिटीतल्या तेरा हंगामांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एकाही हंगामात विजयांचा आकडा पराभवांच्या वर गेला नाही. चांगला खेळाडू तयार झाला की तो यांकीजकडे जायचा, इतका की लोक या संघाला यांकीजची नर्सरी म्हणायचे. १९६१ मध्ये ६१ होमरन (चेंडू मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारून बेब रूथचा विक्रम मोडणारा रॉजर मॅरिस दोनच वर्षं आधी कॅन्सस सिटीतून तिकडे गेला होता. जॉन्सन वारल्यावर विमाव्यवसायात पैसा केलेला चार्ली फिन्ले मालक झाला. हिरवा-सोनेरी गणवेश त्यानं आणला, संघाचं मानचिन्ह म्हणून एक खेचर पाळलं, त्याला स्वतःचं नाव दिलं. आणि १९६७ च्या ऑक्टोबरात संघ उचलून ओकलंडला न्यायची परवानगी मिळवली.

इथे जे घडलं ते नीट पाहण्यासारखं आहे. मिसूरीचे सिनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन भडकले. त्यांनी फिन्लेचा भर सभागृहात उद्धार केला तो भाग सोडून द्या. त्यांनी लीगला धमकी दिली की तुमची मक्तेदारीविरोधी कायद्यातून असलेली सूट आम्ही तपासायला घेऊ. लीगनं आधी १९७१ पर्यंत कॅन्सस सिटीला नवा संघ देण्याचं कबूल केलं होतं. सिनेटर हटेनात तेव्हा तो १९६९ लाच दिला. कॅन्सस सिटी रॉयल्स हा संघ असा जन्माला आला. चाहत्यांचे अश्रू, वर्तमानपत्रांचे अग्रलेख, महापौरांच्या विनवण्या यांनी जे होत नाही ते एका सूटीला हात लावायच्या नुसत्या धमकीनं दोन वर्षांत झालं.

ही सूट काय आहे? १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. संघ आगगाडीनं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, तिकिटं विकतात, तरी व्यापार नाही! पुढे १९५३ आणि १९७२ मध्ये न्यायालयानं हा निकाल विचित्र आहे हे जवळजवळ मान्य केलं, पण बदलायचा तर संसदेनं बदलावा म्हणून हात झटकले. १९९८ मध्ये संसदेनं खेळाडूंच्या नोकरीपुरती सूट काढली. संघ कुठल्या गावात राहील, किती संघ असतील, कुणाच्या हद्दीत कोण येईल, हे मात्र तसंच ठेवलं. या सूटीचा अर्थ साधा आहे. तीस मालक एकत्र बसून ठरवतात की संघ तीसच असतील. संघ हवा असलेली शहरं त्याहून जास्त. मग रिकाम्या हातानं उभ्या असलेल्या शहराचं नाव घेऊन भरल्या हाताच्या शहराला धमकावायचं, हा धंदा आपोआप चालतो.

ओकलंडनंही संघ मिळवला तो याच बाजारातून, दुसऱ्याच्या घरातून. हे ओकलंडच्या चाहत्यांना सांगितलेलं आवडत नाही. पण मिळालेल्या संघाचं त्या शहरानं सोनं केलं हेही खरं. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचं हे गोदीकामगारांचं, मोठ्या कृष्णवर्णीय वस्तीचं शहर. १९७२, १९७३, १९७४ अशी लागोपाठ तीन वर्षं या संघानं वर्ल्ड सिरीज जिंकली. असा पराक्रम यांकीज सोडल्यास कुणालाच जमलेला नाही. रेजी जॅक्सन, कॅटफिश हंटर, रॉली फिंगर्स, व्हायडा ब्लू. फिन्लेनं मिशा ठेवणाऱ्याला तीनशे डॉलर जाहीर केले आणि संघभर झुपकेदार मिशा उगवल्या. फिंगर्सची टोकं वळवलेली मिशी तर बेसबॉलच्या इतिहासात कायमची जाऊन बसली.

हे खेळाडू एकमेकांशी भांडायचे आणि मालकाविरुद्ध एक व्हायचे. १९७३ च्या वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात माइक अँड्र्यूजच्या हातून बाराव्या इनिंगमध्ये दोन चुका झाल्या. सामना संपल्यावर फिन्लेनं त्याच्याकडून ‘मी जायबंदी आहे’ अशा खोट्या कागदावर सही घेतली, म्हणजे त्याच्या जागी दुसरा घेता यावा. दुसऱ्या दिवशी सराव करताना सहकाऱ्यांनी बाहीवर चिकटपट्टीनं अँड्र्यूजचा १७ हा क्रमांक लावला होता. लीगच्या आयुक्तांनी तो कागद फेटाळून अँड्र्यूजला परत घ्यायला लावलं. मालिका संघानं जिंकली आणि व्यवस्थापक डिक विल्यम्सनं राजीनामा दिला.

पुढे सगळं मॅकच्याच वाटेनं गेलं. हंटरच्या करारातला ५० हजार डॉलरचा विम्याचा हप्ता फिन्लेनं भरला नाही, लवादानं करार मोडीत काढला, हंटर यांकीजकडे गेला. १९७६ मध्ये फिन्लेनं ब्लू, फिंगर्स आणि जो रूडी यांना पस्तीस लाख डॉलरला विकायचा घाट घातला. आयुक्तांनी तो रोखला, पण खेळाडू थांबले नाहीत. १९७९ मध्ये १०८ पराभव आणि अख्ख्या हंगामात प्रेक्षक ३,०६,७६३. त्या एप्रिलमधल्या एका सामन्याला ६५३ माणसं होती. आपल्याकडे गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याला याहून जास्त जमतात.

ओकलंडला चाहतेच नाहीत, असं ज्यांना म्हणायचं असतं ते हा ६५३ चा आकडा पुढे करतात. त्यांनी त्यानंतरचं दशकही पाहावं. १९८० मध्ये वॉल्टर हास यांनी संघ विकत घेतला. लीव्हाइस जीन्स बनवणाऱ्या कंपनीचं हे घराणं. त्यांनी ओकलंडसाठीच संघ घेतला होता. खेळाडूंवर पैसे खर्च केले, परिसरातल्या शाळांत संघ पोचवला. रिकी हेंडरसन हा ओकलंडच्या शाळेत वाढलेला मुलगा याच संघातून पुढे आला. चेंडू टाकणाऱ्या पिचरचं लक्ष चुकवून धावत पुढचा बेस (थांबा) गाठणं, म्हणजे बेस पळवणं, ही त्याची कला. १९८२ मध्ये एका हंगामात १३० बेस, कारकिर्दीत १,४०६. दोन्ही विक्रम अबाधित आहेत. १५ ऑक्टोबर १९८१ रोजी ओकलंडच्या कोलिझियम या स्टेडियममध्ये क्रेझी जॉर्ज नावाच्या ढोलकऱ्यानं प्रेक्षकांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उठवत-बसवत लाट फिरवली आणि ती टीव्हीवर दिसली. वानखेडेवर आपण जिला मेक्सिकन वेव्ह म्हणतो तिचा पहिला ठोस पुरावा ओकलंडचा आहे. १९८९ ची वर्ल्ड सिरीज तर खाडीच्या दोन काठांमध्येच झाली, ओकलंड विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को. १७ ऑक्टोबरला तिसरा सामना सुरू व्हायच्या बेतात असताना संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी भूकंप झाला. दहा दिवसांनी खेळ पुन्हा सुरू झाला आणि ओकलंडनं ४-० अशी मालिका जिंकली. १९९० मध्ये प्रेक्षकसंख्या २९ लाखांवर गेली. अकरा वर्षांत साडेनऊ पट. शहर तेच, स्टेडियम तेच, मालक दुसरा.

हास यांच्या चांगुलपणाचा किस्सा मात्र उलट शिकवतो. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोत आलेल्या जायंट्सना ते शहर सोडून सॅन होजेच्या बाजूला सरकायचं होतं. हास यांनी त्या सांता क्लारा काउंटीवरचा हद्दीचा हक्क फुकटात देऊन टाकला. जायंट्स काही तिकडे गेले नाहीत, पण हक्क ठेवून घेतला. वीसेक वर्षांनी ओकलंडच्या संघाला सॅन होजेला जायचं होतं तेव्हा जायंट्सनी तोच हक्क दाखवून वाट अडवली. सॅन होजे शहर २०१३ मध्ये न्यायालयात गेलं. २०१५ मध्ये अपील न्यायालयानं १९२२ च्याच निकालावर बोट ठेवून शहराला परत पाठवलं. दोन खासगी मालकांनी आपसात वाटून घेतलेल्या हद्दीपुढे दहा लाख वस्तीच्या शहराचं काही चालत नाही, ही त्या सूटीची करणी.

२००२ चा हंगाम जगाला माहीत आहे, कारण त्यावर पुस्तक निघालं आणि पुढे सिनेमाही झाला. बिली बीन या सरव्यवस्थापकानं यांकीजच्या एक तृतीयांश पगारखर्चात तितकेच म्हणजे १०३ सामने जिंकले. त्यात सलग वीस विजय. विसावा सामना रॉयल्सविरुद्धच होता; ११-० अशी आघाडी ११-११ वर आली आणि शेवटच्या इनिंगमध्ये स्कॉट हॅटेबर्गच्या होमरननं सुटका झाली. आकडेवारीच्या जोरावर स्वस्तात संघ बांधण्याच्या या हुशारीचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्या कौतुकानं एक नुकसानही केलं. कमी खर्च हा तोवर मालकाचा दोष मानला जायचा. इथून पुढे ती अक्कलहुशारी ठरली. चांगले खेळाडू दरवेळी विकून टाकले तरी पत्रकार म्हणत, काहीतरी योजना असेल.

२००५ मध्ये ल्यू वुल्फ आणि जॉन फिशर यांनी सुमारे १८ कोटी डॉलरला संघ घेतला. फिशर हे गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव. गंमत अशी की गॅपचं पहिलं दुकान १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उघडलं ते लीव्हाइसच्या जीन्स विकण्यासाठी. एकाच गावच्या, एकाच मालाच्या व्यापारातल्या दोन घराण्यांकडे एकच संघ आला आणि दोन टोकांचे निकाल लागले. नव्या मालकांनी आधी फ्रीमॉन्टला जायचं ठरवलं. मराठी मंडळींचीही वस्ती असलेलं हे गाव. तिथल्या रहिवाशांनी वाहतुकीच्या नावानं विरोध केला आणि २००९ मध्ये बेत बारगळला. मग सॅन होजे, मग ओकलंडमधल्याच एका कॉलेजच्या शेजारची जागा, मग बंदरातलं हॉवर्ड टर्मिनल. शहरानं हॉवर्ड टर्मिनलचा पर्यावरण अहवाल फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजूर केला. एप्रिल २०२३ मध्ये मालकांनी लास वेगासमध्ये जागा घेतल्याचं जाहीर करून टाकलं.

कोलिझियम जुनाट झालं होतं याबद्दल वाद नाही. २०१३ मध्ये सांडपाणी तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं होतं. त्याच स्टेडियममध्ये उजव्या बाजूच्या बाकांवर ढोल बडवणारी मंडळी दर सामन्याला असत आणि बार्ट या लोकल रेल्वेच्या स्टेशनातून येणाऱ्या जाळीच्या पुलावर फेरीवाले टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या विकत. मालकांनी मॅट ओल्सन, मॅट चॅपमनसारखे खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले, तिकिटं महाग केली, आणि लोक येईनासे झाल्यावर रिकाम्या खुर्च्यांचे फोटो दाखवून म्हणाले, बघा, इथे बाजारच नाही. त्यावर चाहत्यांनी १३ जून २०२३ रोजी बहिष्काराच्या उलट केलं. ठरवून स्टेडियम भरायला गेले. हिरवे शर्ट, त्यावर एकच शब्द: विका. २७,७५९ लोक आले. त्या हंगामात ११२ सामने हरलेल्या संघानं त्या रात्री लीगमधल्या अव्वल टॅम्पा बे रेज संघाला २-१ नं हरवलं. दोनच दिवसांनी नेवाडाच्या राज्यपालांनी नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी मदतीच्या विधेयकावर सही केली. नोव्हेंबरमध्ये तीस मालकांनी ३०-० अशा मतांनी स्थलांतर मंजूर केलं, आणि स्थलांतराचं शुल्कही माफ केलं.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ प्रेक्षक, टेक्सासवर ३-२ असा विजय. तोवर वॉरियर्स हा बास्केटबॉल संघ खाडीपलीकडे गेला होता आणि रेडर्स हा फुटबॉल संघ लास वेगासला. रेडर्सना १९९५ मध्ये परत आणण्यासाठी शहर आणि काउंटीनं कर्ज काढून स्टेडियम वाढवलं होतं. रेडर्स निघून गेल्यावरही करदाते त्याचे हप्ते भरत होते.

मालकांच्या बाजूनं दोन मुद्दे नेहमी मांडले जातात. संघ ही खासगी मालमत्ता आहे, ती कुठे न्यायची हा मालकाचा प्रश्न. मान्य. मग ३८ कोटी सरकारी डॉलर कशाला? खासगी कापड दुकान दुसऱ्या गावी जाताना त्या गावच्या तिजोरीतून फर्निचर मागत नाही. आणि गिऱ्हाइकांना दुसरं दुकान उघडायलाही मनाई नसते. दुसरा मुद्दा रोजगाराचा आणि पर्यटनाचा. स्टेडियमच्या सरकारी अनुदानातून स्थानिक अर्थव्यवस्थेला खर्चाइतका लाभ होत नाही, यावर अमेरिकी अर्थतज्ज्ञांचं दुर्मीळ म्हणावं असं एकमत आहे. बेसबॉलवर खर्च झालेला पैसा त्याच गावातल्या सिनेमा-हॉटेलांतून कमी होतो, एवढाच फरक. संघाची किंमत मात्र वाढते. १८ कोटींना घेतलेल्या या संघाची किंमत फोर्ब्सच्या अंदाजानं १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. नेवाडाच्या शिक्षक संघटनेनं या खर्चावर मतदान घ्यावं म्हणून अर्ज केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये अर्जाच्या मजकुरात दोष काढून तो बाद केला. जिथे लोकांना विचारलं जातं तिथे उत्तर वेगळं येतं. एप्रिल २०२४ मध्ये मिसूरीतल्या कॅन्सस सिटीच्या जॅक्सन काउंटीतल्या मतदारांनी रॉयल्स आणि चीफ्स या फुटबॉल संघाच्या स्टेडियमसाठीचा विक्रीकर नाकारला. लगेच शेजारचं कॅन्सस राज्य आमिषं घेऊन उभं राहिलं आणि मिसूरीनंही आपली बोली लावली.

सॅक्रामेंटोच्या मुक्कामात एक नाव आपल्याकडचं आहे. ज्या छोट्या मैदानात, जेमतेम चौदा हजारांच्या जागेत, हा संघ सध्या खेळतो ते मैदान सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे यांच्याकडे आहे. मुंबईत जन्मलेले आणि सॉफ्टवेअर उद्योगात मोठे झालेले रणदिवे यांनी २०१३ मध्ये किंग्ज हा बास्केटबॉल संघ सिॲटलला जाण्यापासून वाचवला. तेव्हा ते गावाचे तारणहार ठरले, आणि शहरानं नव्या स्टेडियमसाठी सुमारे २५ कोटी डॉलर दिले. दहा-अकरा वर्षांनी तेच गृहस्थ शेजारच्या शहराचा संघ तोडून नेणाऱ्याला ओसरी देतात. त्यांच्या दृष्टीनं दोन्ही गोष्टींत विसंगती नाही, कारण दोन्ही वेळा त्यांनी आपल्या गावासाठी मोठ्या लीगचा खेळ मिळवला. एका माणसाच्या सद्भावनेवर गावानं विसंबावं का, एवढाच प्रश्न मला पडतो. हास यांच्यासारखा मालक मिळाला तर नशीब. पण ओकलंडलाही तो पंधरा वर्षांपुरताच लाभला. १९९५ मध्ये त्या कुटुंबानं संघ विकला.

आयपीएलनं संघाचं हेच प्रारूप अमेरिकेतून उचललं आहे. पुण्याच्या नावानं दोन संघ येऊन गेले आणि पुणेकरांना कुणी विचारलं नाही. आपल्याकडे निदान संघांसाठी शहरं अजून एकमेकांविरुद्ध बोली लावत नाहीत. लावायला वेळ लागणार नाही.

वेगळी रचना अशक्य आहे असंही नाही. ग्रीन बे पॅकर्स हा फुटबॉल संघ १९२३ पासून लोकांच्या भागभांडवलावर चालतो. पाच लाखांहून जास्त भागधारक, गाव जेमतेम लाखभर वस्तीचं, आणि संघ हललेला नाही. म्हणूनच बहुधा त्या लीगनं नंतर असा दुसरा संघ होऊच नये असा नियम केला. ओकलंडमध्येच ‘बॉलर्स’ हा छोट्या लीगमधला संघ २०२४ पासून वेस्ट ओकलंडच्या रायमोंडी पार्कात खेळतो. दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी मिळून बारा लाख डॉलरच्या आसपास भागभांडवल घातलं. २०२५ मध्ये त्यांनी आपल्या लीगचं विजेतेपदही पटकावलं. हा खेळ मेजर लीगच्या दर्जाचा नाही आणि त्याची भरपाईही नाही. पण शहरांना मागता येण्यासारखा करार कसा असतो, हे त्यात दिसतं: पैसे घ्या, भाग द्या, संचालक मंडळावर माणूस बसू द्या.

मोठ्या लीगमध्ये असा करार कुठलंही शहर एकट्यानं करून घेऊ शकत नाही, कारण शेजारचं शहर फुकटात द्यायला तयार असतं. म्हणून मी पुन्हा त्या १९२२ च्या सूटीकडे येतो. तीसची मर्यादा कायद्याच्या आधारानं टिकली आहे. सूट गेली तर सॅन होजेसारख्या शहराला न्यायालयाचं दार उघडेल आणि संघ देण्या-न देण्याची लीगची मनमानी कमी होईल. २०२३ मध्ये ओकलंडच्या तेव्हाच्या खासदार बार्बरा ली यांनी एक विधेयक आणलं होतं: संघ २५ मैलांहून दूर गेला तर मालकानं आधीच्या गावाला दहा वर्षांच्या करउत्पन्नाइतकी भरपाई द्यावी, नाहीतर लीगची सूट जाईल. ते मंजूर झालं नाही. ली आता ओकलंडच्या महापौर आहेत, संघ गेलेला आहे, आणि त्या विधेयकात रस घ्यायला हवा तो खरं तर नेवाडाच्या खासदारांनी. लास वेगासच्या करारात तीस वर्षं न हलण्याची अट आहे. फिन्लेनं संघ आणल्यापासून ओकलंडनं सत्तावन्न हंगाम पाहिले.